नाव आणि काम : तंत्रज्ञ-कार्यकर्त्यांची चरित्रे व मराठी चरित्रदृष्टी

१

मावळ तालुक्याचे आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ असे तीन भाग लोकव्यवहारात मानले जातात. त्यांपैकी आंदर मावळ म्हणजे आंद्रा नदीचे खोरे. टाकवे बुद्रुक हे या खोऱ्यातील बाजाराचे गाव, आणि पश्चिमेस कुसूरचा घाट ही कोकणात उतरण्याची जुनी वाट. ठोकरवाडी येथे धरण बांधून या खोऱ्याचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून भिवपुरीच्या वीजगृहात सोडण्याची योजना १९२२ साली पुरी झाली आणि ती वीज मुंबईस मिळू लागली. ही योजना ज्या कंपनीने पार पाडली ती १९१६ साली स्थापन झाली होती. तिच्या इंग्रजी नावात नदीचे 'आंद्रा' हे नाव 'आंध्रा' असे लिहिले गेले. २००० साली ती कंपनी टाटा पॉवरमध्ये विलीन होईपर्यंत तिचे नाव वाचणाऱ्या परक्या माणसास पुणे जिल्ह्यातील एका लहान नदीचे स्मरण होण्याचे कारण नव्हते. त्यास आंध्र प्रदेशच आठवावा. काम उभे राहिले, परंतु ज्या स्थळामुळे ते उभे राहिले त्याचे नाव कामापासून सुटले.

स्थळाच्या बाबतीत घडले ते व्यक्तीच्या बाबतीतही घडते. माणसाचे नाव आणि माणसाचे काम यांचा सांधा तुटला, म्हणजे तो जुळवून देणे हे चरित्रलेखनाचे कर्तव्य ठरते. जन्माच्या वेळी ठरविलेल्या लिंगाहून आपली ओळख निराळी आहे असे जाहीर करणाऱ्या व्यक्तीच्या आयुष्यात तर हा सांधा हमखास तुटतो. कारण तिचे नावच बदलते आणि पूर्वीच्या नावाने केलेले काम, मिळविलेल्या पदव्या, लिहिलेले लेख हे सारे परक्या माणसाचे होऊन बसतात. अशी व्यक्ती तंत्रविद्येच्या क्षेत्रात काम करणारी असेल आणि पुढे हक्कांच्या चळवळीतही उतरली असेल, तर तिचे चरित्र कसे लिहावे, हा प्रश्न आता मराठी अभ्यासकापुढे उभा आहे. प्रस्तुत विवेचनात त्या दृष्टीने तीन कारकिर्दींचा विचार केला आहे. पुण्याचे बिंदुमाधव खिरे हे संगणकक्षेत्रातून चळवळीत आले आणि त्यांनी मराठीत विपुल लेखन केले. ते समलिंगी पुरुष आहेत, पारलिंगी नव्हेत. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी या पारलिंगी आहेत आणि त्यांचे आत्मकथन मराठीत आहे, परंतु त्यांचे क्षेत्र नृत्याचे. अमेरिकेतील लिन कॉनवे यांच्या ठायी पारलिंगी, तंत्रज्ञ आणि कार्यकर्ती या तिन्ही गोष्टी एकवटल्या होत्या. परंतु त्या मराठी परंपरेबाहेरच्या. तिन्हींची सांगड घातली असता मराठी चरित्रदृष्टीतील एक उणीव स्पष्ट दिसते. अशा व्यक्तीची ओळख मराठीने आता मान्य केली आहे. तिचे काम मात्र मराठी गद्यात अद्याप नीट उतरलेले नाही.

२

ही उणीव मराठी परंपरेची मूळची नव्हे. महर्षी कर्व्यांचे 'आत्मवृत्त' १९१५ साली प्रसिद्ध झाले, ते एका कार्याचे वृत्त आहे. गणिताचा अध्यापक हिंगण्याच्या आश्रमाकडे कसा वळला हे त्यात वाचकास कळते, आणि हिशेबाची, काटकसरीची, आकड्यांनी विचार करण्याची त्यांची सवय संस्थेच्या उभारणीत कशी उपयोगी पडली हेही ध्यानात येते. एका व्यवसायात लागलेले वळण दुसऱ्या कार्यात कसे टिकते, हे दाखविण्याची शक्ती मराठी आत्मचरित्रात पहिल्यापासून होती असे यावरून म्हणता येईल.

१९७५ नंतरच्या दलित व भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी कामाकडे पाहण्याची दृष्टीच पालटली. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ सालचे, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ सालचे. या शीर्षकांतच कामाचा निर्देश आहे. परंतु ते काम जातीने वा समाजाने लादलेले आहे. लादलेल्या कामातून सुटका हा या ग्रंथांचा गाभा होय. त्यामुळे शीर्षकातील काम हे लेखकाचे स्वतःचे नसून त्याच्यावर मारलेला शिक्का आहे, हे वाचकाने समजून घ्यावयाचे असते.

लिंगभावाच्या दृष्टीने परिघाबाहेर राहिलेल्या माणसांचे मराठी ललित वाङ्मयातील चित्रण या दुसऱ्या परंपरेशी जवळचे आहे. राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांत यल्लम्मेच्या नावाने सोडलेल्या स्त्रीपुरुषांचे जिणे आहे. तेथे काम म्हणजे देवीची सेवा आणि जोगवा. ते निवडीने आलेले नाही. विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' या नाटकातील मित्रा ही स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री आहे. तेथील सारा संघर्ष प्रेम व एकाकीपणा यांचा. चेतन दातार यांच्या 'एक माधवबाग'मध्ये मुलाचे समलिंगी असणे आई समजून घेते. तेथे प्रश्न कुटुंबाचा. सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्लू' या २००६ सालच्या कादंबरीत भाऊ आणि बहीण दोघेही एकाच पाहुण्यावर प्रेम करतात. तेथेही प्रेम आणि घर हीच कक्षा आहे. या कृतींचे वाङ्मयीन मोल निरनिराळे आहे आणि त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि देव, प्रेम आणि कुटुंब या तीन ठिकाणी मराठी लेखकास असा माणूस भेटला. कचेरीत, प्रयोगशाळेत, कारखान्यात तो क्वचितच भेटला, एवढी नोंद करणे अवश्य आहे.

३

या पार्श्वभूमीवर बिंदुमाधव खिरे यांची कारकीर्द पाहिली पाहिजे. संगणकक्षेत्रातील नोकरीनिमित्त ते अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे असताना 'त्रिकोण' या दक्षिण आशियाई समलिंगी व्यक्तींच्या संस्थेशी त्यांचा संबंध आला. ही संस्था १९८६ साली स्थापन झालेली. पुण्यास परतल्यावर २००२ साली त्यांनी 'समपथिक ट्रस्ट' ही संस्था उभी केली. समुपदेशन, दूरध्वनीवरून साहाय्य, आरोग्यविषयक प्रबोधन ही कामे तिने हाती घेतली. पुण्यात २०११ साली निघालेल्या अभिमानयात्रेचे आयोजन या संस्थेने केले. या सर्व काळात खिरे मराठीत लिहीत राहिले. 'पार्टनर' ही कादंबरी, 'इंद्रधनु' हा समलैंगिकतेचा विविध अंगांनी परामर्श घेणारा ग्रंथ, 'मानवी लैंगिकता : एक प्राथमिक ओळख' हा परिचयग्रंथ, 'पुरुषोत्तम' हे नाटक, ही त्यांची काही लेखनकृत्ये होत.

खिरे यांचा परिचय करून देताना संगणकक्षेत्राचा उल्लेख बहुधा एका वाक्यात येतो, आणि त्या वाक्याचे क्रियापद 'सोडणे' हे असते. नोकरी सोडली आणि चळवळीस वाहून घेतले, अशी ती मांडणी. त्यागाची कथा मराठी मनास प्रिय असल्यामुळे ही मांडणी सहज रुजते. परंतु तीमुळे एका आयुष्याचे दोन तुकडे पडतात. पहिला तुकडा गौण ठरतो, दुसरा थोर ठरतो, आणि पहिल्याने दुसऱ्यास काय दिले हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

तो प्रश्न त्यांच्या ग्रंथांना विचारून पाहण्यासारखा आहे. 'एक प्राथमिक ओळख' हे शीर्षक ललित लेखकाचे नव्हे. ते तांत्रिक पुस्तिकेच्या कुळातले आहे. विषयाचे घटक पाडावे, प्रत्येक घटकास निश्चित नाव द्यावे, एका नावाचा दुसऱ्याशी घोटाळा होऊ देऊ नये आणि मग त्या घटकांचे परस्परसंबंध सांगावे, ही रीत संगणकाशी व्यवहार करणाऱ्या माणसाच्या अंगवळणी पडलेली असते. कारण त्याच्या क्षेत्रात संदिग्ध आज्ञा चालत नाही. लैंगिकतेच्या विषयात मराठीची अडचण नेमकी संदिग्धतेची होती. शरीराची रचना, मनातील स्वतःविषयीची जाणीव आणि आकर्षणाची दिशा या तीन निराळ्या गोष्टी एकाच शिवीत वा एकाच विनोदात कोंबल्या जात होत्या. त्यांची फोड करून देणारे गद्य ही पहिली गरज होती. कवीने ती भागविली नसती, परिचयग्रंथकाराने भागविली. संस्थेचे 'समपथिक' हे नावही या दृष्टीने लक्षणीय आहे. त्यात दयेचा सूर नाही, आजाराची छटा नाही. बरोबरीने वाट चालणारा एवढाच अर्थ आहे.

याच गुणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. व्याख्या देणारे गद्य वाचकास समजावते, पण त्यास पात्राबरोबर चालावयास लावत नाही. प्रबोधनाच्या हेतूने लिहिलेल्या कथात्मक लेखनाचा हा नित्याचा धोका होय. हरिभाऊ आपट्यांपासून त्याची चर्चा मराठीत चालत आली आहे. म्हणून खिरे यांचे स्थान ठरविताना ललित लेखकांच्या पंक्तीत त्यांची उंची मोजणे हा योग्य मार्ग नव्हे. परिभाषा घडविणाऱ्या आणि ज्ञान लोकभाषेत आणणाऱ्या लेखकांच्या पंक्तीत त्यांना बसविले, तर त्यांच्या कार्याचे खरे स्वरूप दिसते आणि 'सोडलेल्या' व्यवसायाचा त्या कार्याशी असलेला संबंधही दिसतो.

४

लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' हे आत्मकथन २०१२ साली प्रसिद्ध झाले. त्याचे शब्दांकन वैशाली रोडे यांनी केले. आर. राज राव आणि पी. जी. जोशी यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०१५ साली निघाला. मराठीतून इंग्रजीत असा या ग्रंथाचा प्रवास झाला ही गोष्ट मराठी अभ्यासकाने विसरू नये.

शीर्षकाची घडण पाहण्याजोगी आहे. त्यात 'मी' दोनदा येतो. पहिल्या 'मी'पुढे समूहाचे नाव, दुसऱ्यापुढे व्यक्तीचे नाव. शिवी म्हणून वापरला जाणारा शब्द स्वतः उच्चारून तो आपलासा करणे हे 'उचल्या'च्या परंपरेतील धैर्य येथे आहे. परंतु शीर्षकात कामाला जागा नाही, आणि ग्रंथाचे जे वाचन नंतर रूढ झाले त्यातही कामाला फारशी जागा मिळाली नाही. वाचकांनी त्यात ओळखीची कथा वाचली. बालपणीचे अत्याचार, समूहात प्रवेश, घरच्यांशी नाते, सार्वजनिक मान्यता हे टप्पे सर्वांनी ध्यानात ठेवले.

वस्तुतः या आयुष्यात कामाचा धागा अखंड आहे आणि तो नृत्याचा आहे. लक्ष्मी यांनी नृत्य शिकले, शिकविले, त्यावर उपजीविका केली. बारमध्येही त्या नाचल्या. २००५ साली महाराष्ट्रात डान्स बारवर बंदी आली तेव्हा त्या बंदीविरुद्धच्या विरोधात त्या उतरल्या. हा विरोध लिंगओळखीच्या हक्कासाठी नव्हता. पोटाच्या कामासाठी होता. २००२ पासून दाई वेल्फेअर सोसायटीच्या अध्यक्ष म्हणून, २००८ साली संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर आणि पुढे सर्वोच्च न्यायालयातील प्रकरणात त्यांनी जी भूमिका मांडली, तिच्यामागे रंगमंचावर वावरलेल्या देहाचा आत्मविश्वास होता. सभेचे लक्ष कसे धरावे, बोलण्यातील विराम कोठे घ्यावा, समोरच्याच्या कुतूहलाचे आदरात रूपांतर कसे करावे, ही नर्तकीची विद्या होय. खिरे यांच्या चळवळीत जसा परिभाषेचा शिस्तबद्धपणा उतरला, तशी लक्ष्मी यांच्या चळवळीत रंगमंचाची विद्या उतरली. ओळख हाच एक विषय धरून केलेल्या वाचनात हा संबंध निसटतो.

सांगणारी एक आणि लिहिणारी दुसरी अशा ग्रंथात हा धोका अधिक असतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे. शब्दांकन करणारा लेखक प्रश्न विचारतो, आणि उत्तरे प्रश्नांच्या वाटेने जातात. 'तुम्हास आपण वेगळे आहोत हे केव्हा कळले?' हा प्रश्न अशा प्रत्येक मुलाखतीत येतो. 'तुम्ही शिष्याला पहिला पदन्यास कसा शिकवीत होता?' हा प्रश्न येत नाही. चरित्रदृष्टीतील उणीव अशा न विचारलेल्या प्रश्नांत साठलेली असते.

५

काम आणि ओळख यांच्या संबंधाचे सर्वांत बोलके उदाहरण लिन कॉनवे यांचे आहे. त्यांचा जन्म १९३८ चा. कोलंबिया विद्यापीठाच्या पदव्या घेऊन १९६४ साली त्या आयबीएम या कंपनीच्या संशोधनविभागात रुजू झाल्या आणि अतिवेगवान संगणकाच्या एका प्रकल्पावर काम करू लागल्या. संगणकास दिलेल्या आज्ञा लिहिलेल्या क्रमानेच पाळल्या, तर एका आज्ञेसाठी लागणारी सामग्री तयार होईपर्यंत पुढच्या साऱ्या आज्ञा खोळंबतात. जिची सामग्री तयार आहे ती आज्ञा आधी घ्यावी, आणि तरीही अंतिम निष्पत्तीत फरक पडू नये, अशी यंत्ररचना १९६५-६६ च्या सुमारास त्यांनी सुचविली. पुढे वेगवान संगणकांच्या रचनेत हे तत्त्व मोलाचे ठरले.

१९६८ साली त्यांनी लिंगपरिवर्तनाचा निर्णय कंपनीस कळविला आणि कंपनीने त्यांना काढून टाकले. आपल्या दोन मुलींनाही त्या दुरावल्या. नव्या नावाने त्यांनी पुन्हा तळापासून सुरुवात केली. कंत्राटी आज्ञावलीकार म्हणून, नंतर मेमोरेक्स कंपनीत, १९७३ पासून झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात. पूर्वीचे नाव सांगणे शक्य नव्हते; म्हणून पूर्वीचे कामही सांगता येत नव्हते. आंद्रा नदीचे नाव कागदावरच्या चुकीमुळे तिच्या कामापासून सुटले. येथे जिवंत माणसास आपल्या हाताने ते सोडावे लागले.

झेरॉक्समध्ये असताना कार्व्हर मीड यांच्यासह त्यांनी केलेले कार्य संगणकविद्येच्या इतिहासात नोंदले गेले आहे. सिलिकॉनच्या चकतीवर सहस्रावधी घटक बसविण्याची विद्या तेव्हा मोठ्या कंपन्यांच्या मोजक्या तज्ज्ञांपाशी होती. कॉनवे आणि मीड यांनी तिचे नियम थोडक्यात व सुटसुटीत बांधले. 'लॅम्डा' हे एकच परिमाण धरून त्या पटीत सर्व अंतरे सांगितल्यामुळे, निर्मितीचे तंत्र सूक्ष्म होत गेले तरी आराखड्याचे नियम तेच राहू शकले. १९७८ साली एमआयटीमध्ये कॉनवे यांनी हा विषय शिकविला, आणि पुढच्याच वर्षी निरनिराळ्या विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचे आराखडे संगणकजालावरून गोळा करून एकाच चकतीवर अनेकांचे आराखडे घडविण्याची व्यवस्था झाली. दोघांचे पाठ्यपुस्तक १९८० साली प्रसिद्ध झाले. १९८५ पासून त्या मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक होत्या. १९८९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीवर त्यांची निवड झाली.

१९९८ च्या सुमारास मार्क स्मॉथरमन हे संगणकाच्या इतिहासाचे अभ्यासक आयबीएमच्या त्या जुन्या प्रकल्पाचा शोध घेत असल्याचे कॉनवे यांना कळले. त्या कामावर हक्क सांगावयाचा, तर जुने आयुष्य उघड करणे भाग होते. त्यांनी ते केले. म्हणजे त्यांच्या जाहीर होण्यामागे कामाचा इतिहास पुरा व्हावा ही प्रेरणा होती. ओळखीच्या कथेतून काम उगवले नाही, कामाच्या कथेतून ओळख प्रकट झाली. त्यानंतरचे त्यांचे कार्यकर्तेपणही व्यवसायाच्या रीतीनेच चालले. पारलिंगी स्त्रियांसाठी त्यांनी माहितीचा मोठा संग्रह लिहून सर्वांस मोकळा केला, अनेक भाषांत त्याचे अनुवाद करवून घेतले, आणि यशस्वी जीवन जगणाऱ्या पारलिंगी स्त्रियांची उदाहरणे त्यात दिली. मोजक्या तज्ज्ञांच्या हाती कोंडलेली विद्या सुगम ग्रंथरूपाने बाहेर आणणे, हेच त्यांनी १९८० च्या पाठ्यपुस्तकात केले होते.

आयबीएमने २०२० साली, म्हणजे बडतर्फीनंतर ५२ वर्षांनी, त्यांची जाहीर क्षमा मागितली. कॉनवे २०२४ साली निवर्तल्या. काढून टाकलेल्या माणसाचे काम कंपनीने टाकले नव्हते. टाकला होता तो नावाचा आणि कामाचा संबंध. तो जुळविण्यास एका इतिहासकाराची जिज्ञासा आणि खुद्द कर्तीचे धैर्य ही दोन्ही लागली.

६

या तुलनेतून एक आक्षेप उद्भवणे स्वाभाविक आहे. कामावर भर दिला, तर थोर काम करणाऱ्याच पारलिंगी व्यक्तीस मान आहे, इतरांस नाही, असे होणार नाही काय? आक्षेप गंभीर आहे. मराठी वाचकास कर्तबगारीचे आकर्षण आहे, आणि 'एवढी मोठी शास्त्रज्ञ, तरी तिला असे वागविले' या उद्गारात 'लहान असती तर चालले असते' हा अर्थ दडलेला असतो. १९६८ साली कॉनवे यांच्या जागी सामान्य कारकून असता तरी अन्याय तेवढाच होता. म्हणून काम हे माणुसकीच्या हक्काचे तारण म्हणून मागावयाचे नाही. ते मागावयाचे ते चरित्राच्या सत्यासाठी. माणसाच्या जागेपणाचे बहुतेक तास कामात जातात. तेथे त्याची बुद्धी, त्याचे वैताग, त्याची लहानसहान समाधाने असतात. ते तास वगळून लिहिलेले चरित्र, किती सहानुभूतीने लिहिले तरी, अपुऱ्या माणसाचे चरित्र होय. आणि हे तत्त्व नर्तकीस, सुरक्षारक्षकास, शेतमजुरास, प्राध्यापकास सारखेच लागू आहे.

येथे भाषेचाही विचार करावा लागतो. महाराष्ट्राच्या शासकीय व वृत्तपत्रीय व्यवहारात 'तृतीयपंथी' हा शब्द रूढ आहे. त्यातील 'पंथ' या पदामुळे दीक्षा, गुरू, समूह यांचे सूचन होते. गुरुशिष्य-परंपरेत राहणाऱ्यांच्या बाबतीत ते अन्वर्थक आहे आणि त्या परंपरेचा मानही त्यात राखला जातो. परंतु कोणत्याही समूहाची दीक्षा न घेतलेल्या, घरी राहून कारखान्यात जाणाऱ्या व्यक्तीस हा शब्द पंथात नेऊन बसवितो. 'तृतीयपंथी अभियंता' हा प्रयोग मराठी कानास अवघड वाटतो. कारण 'पंथ' ऐकताच श्रोत्याने त्या व्यक्तीचे काम आधीच ठरविलेले असते. 'पारलिंगी' हा नवा शब्द व्यक्तीपुरता बोलतो आणि कामाची जागा मोकळी ठेवतो. तो अद्याप ग्रंथांत आणि संस्थांत अधिक, बोलण्यात कमी आहे. दोन्ही शब्द हवेत. परंतु ते एकमेकांचे पर्याय नव्हेत, हे अभ्यासकाने जपले पाहिजे.

कायद्याची पावले या काळात भाषेच्या पुढे गेली. १५ एप्रिल २०१४ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने लिंगओळखीच्या हक्कास मान्यता दिली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर आले. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांविषयीचा केंद्रीय कायदा २०१९ साली झाला. २०२२ साली मावळास लागून असलेल्या पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षकाच्या कामावर घेतले. त्याच वर्षी महापारेषणच्या भरतीत आपल्या वर्गासाठी तरतूद नाही, म्हणून विद्युत्-अभियांत्रिकीचे उच्च शिक्षण घेतलेल्या एका व्यक्तीस मुंबई उच्च न्यायालयाकडे जावे लागले. त्या प्रकरणाची चर्चा झाली ती आरक्षणाच्या अंगाने. अर्जदारास उच्चदाबाच्या वाहिन्यांचे शास्त्र अवगत आहे, हा तपशील पात्रतेच्या रकान्यापुरता राहिला.

आंदर मावळाचा विचार या ठिकाणी पुन्हा प्रस्तुत होतो. शंभर वर्षांपूर्वी ज्या खोऱ्यातील पाण्यापासून वीज निर्माण झाली, त्या खोऱ्याच्या पूर्वेस तळेगाव आणि चाकण येथे कारखाने उभे आहेत आणि दक्षिणेस हिंजवडीत संगणकाच्या कचेऱ्या आहेत. टाकव्याच्या वा वडगावच्या शाळेतून तंत्रनिकेतनाकडे वळणाऱ्या मुलामुलींत एखादे मूल आपल्या देहाविषयी निराळी जाणीव बाळगणारे असणे अशक्य नाही. त्याने मराठीत शोध घेतला, तर आपली ओळख सांगणारे ग्रंथ आता त्याला मिळतील. पंचवीस वर्षांपूर्वी तेही मिळाले नसते, आणि हे श्रेय खिरे, लक्ष्मी व त्यांच्या सहकाऱ्यांचे आहे. परंतु आपल्यासारख्या माणसाने लेथवर, आराखड्याच्या फलकावर वा आज्ञावलीत दिवस कसा घालविला, दाखल्यावरचे नाव बदलल्यावर जुने प्रमाणपत्र कसे वापरले, सहकाऱ्यांनी काय विचारले आणि काय विचारले नाही, हे सांगणारा मराठी ग्रंथ त्याच्या हाती देता येणे कठीण आहे. त्या मुलास आपले भवितव्य जोगवा, टाळी, व्यासपीठ वा न्यायालय या चार ठिकाणीच दिसावे, ही त्याची नव्हे, मराठी वाङ्मयाची मर्यादा होय.

७

पुढील अभ्यासासाठी यातून काही दिशा सुचतात. पारलिंगी व समलिंगी व्यक्तींची मराठी आत्मकथने वाचताना ओळखीच्या टप्प्यांबरोबर कामाच्या वर्णनाची नोंद घेतली जावी. कोणते काम, कोणाकडून शिकलेले, किती तपशिलाने सांगितलेले, हे पाहिले जावे. मुलाखतींवर आधारलेल्या ग्रंथांत प्रश्नांची यादीच तपासली जावी. खिरे यांच्यासारख्या लेखकांचे परिचयग्रंथ ललित वाङ्मयाच्या मापाने न मोजता परिभाषेच्या इतिहासात अभ्यासले जावेत. एकोणिसाव्या शतकात शास्त्रीय ग्रंथांच्या भाषांतरकारांनी मराठी गद्यास जे दिले, त्याच्याशी त्यांची तुलना फलदायी ठरेल. 'सोडणे' या क्रियापदाने दोन भागांत कापलेल्या चरित्रांत पहिल्या भागाचे संस्कार दुसऱ्यात कोठे उमटले, हे दाखविणे समीक्षकास शक्य आहे. कागदपत्रे, पुस्तकांची रचना आणि संस्थांच्या कामाची पद्धत ही त्याची साधने होत.

कॉनवे यांचे हरवलेले काम त्यांना परत मिळाले, त्यात त्यांच्या जुन्या टिपणांचा आणि जपून ठेवलेल्या कागदांचा वाटा मोठा होता. मराठी प्रदेशातील अशा व्यक्तींचे कागद, त्यांची कामाची टिपणे, नेमणुकीची पत्रे, जुन्या आणि नव्या अशा दोन्ही नावांनी केलेले लेखन, संमतीने आणि गुप्तता राखून जतन करण्याचे काम विद्यापीठांतील विभाग करू शकतात. असा संग्रह हाती असल्यावाचून पुढील चरित्रकारास नाव आणि काम एका वाक्यात आणता येणार नाही.